मुखवट्याची बाजू

भाद्रपदात अनुराधा नक्षत्र लागलं की वर्धा जिल्ह्यातल्या जाम, समुद्रपूर, हिंगणघाट या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत माळ्यावरची पेटी खाली उतरते. तिच्यात जुन्या सुती लुगड्याच्या घडीत गुंडाळलेले दोन मुखवटे असतात. कुणाकडे पितळेचे, कुणाकडे मातीचे किंवा प्लास्टरचे. नाकाला नथीसाठी भोक, मानेखाली पोकळ गळा. दुसरीकडे पत्र्याच्या दोन कोठ्या धुऊन-पुसून ठेवलेल्या असतात. त्यांत धान्य भरायचं, वर लुगडं नेसवायचं, निऱ्या पाडायच्या, पदर खांद्यावर आणायचा. इथपर्यंत घरातल्या बायका त्या आकाराला कोठीच म्हणतात. कोठी जरा इकडे सरकव, कोठीला टेकू दे. मग कोठीच्या तोंडावर मुखवटा बसतो, हळदकुंकू लागतं, आणि तिथून बोलणं बदलतं. आता ती महालक्ष्मी, ज्येष्ठा असते, शेजारी तिची बहीण कनिष्ठा असते, पुढ्यात त्यांची पिल्लं असतात. ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या असा नैवेद्य होतो. मूळ नक्षत्रावर अक्षता टाकून त्यांना जागेवरून किंचित हलवलं की कोठी पुन्हा कोठी होते आणि मुखवटा लुगड्याच्या घडीत जातो. या तीन दिवसांत घरातल्या एकालाही, देवाधर्मावर शंका घेणाऱ्या कॉलेजातल्या मुलालाही, मुखवट्यामागे कुणी लपलंय असं वाटत नाही. मागे धान्य आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुखवट्यानं इथे कुणाला झाकलेलं नसतं. कुणीतरी आलेलं असतं.

आणि तरीही याच घरात, याच तोंडांनी, आपण म्हणतो की अमक्याचा मुखवटा गळून पडला, तमक्यानं सज्जनपणाचा मुखवटा चढवलाय. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, भाषणांत मुखवटा म्हणजे ढोंग, आणि मुखवटा फाडणं म्हणजे सत्य बाहेर काढणं. हा वापर इतका रुळलाय की त्यात काही खटकत नाही. मला तो खटकतो. ज्या भूमीवर मुखवट्यानं देव घरी येतो तिथेच मुखवटा हे खोटेपणाचं दुसरं नाव व्हावं, यात त्या वस्तूवर अन्याय झालाय. मुखवट्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी, आणि ती मांडायला पुरावे आपल्याच अंगणात भरपूर आहेत. ते सांगतात की विधीतला मुखवटा माणसाला लपवत नाही, त्याची नेमणूक करतो. आजच्या रात्रीपुरता तू अमुक आहेस, असं सगळ्या गावादेखत सांगतो. आफ्रिकेतल्या कांगोमधले कुबा लोक हीच गोष्ट आपल्याहून कितीतरी तपशिलात सांगतात, म्हणून त्यांच्याकडेही जायचंच आहे.

आधी कोकणात जाऊ. रत्नागिरीकडे शिमग्यात ग्रामदेवतांच्या पालख्या निघतात. पालखीत बसतात ते देवांचे चांदीचे मुखवटे, पण तिथला माणूस त्यांना मुखवटे म्हणतच नाही. तो म्हणतो रूपं. पालखीला रूपं लागली, असं वाक्य आहे. रुपं म्हणजे चांदीही आणि रूप म्हणजे स्वरूपही, आणि मला वाटतं या शब्दात मुखवट्याविषयीचा गावाचा सगळा विचार आलाय. देवळातली मूर्ती जागची हलत नाही, तिचं रूप मात्र पालखीत बसून घरोघरी जातं, अंगणात नाचतं, ओटी घेतं, गाऱ्हाणं ऐकतं. त्र्यंबकेश्वराचंही तसंच. गाभाऱ्यातलं लिंग खोलगट जागी असतं. दर सोमवारी पालखीतून कुशावर्तावर जातो तो पाच तोंडांचा मुखवटा. देवाला लोकांत यायचं असतं तेव्हा तो मुखवट्यानं येतो. घराबाहेर पडताना आपण तोंड झाकून निघत नाही, तोंड घेऊनच निघतो, तसं हे आहे.

पण कोठीत धान्य असतं, पालखीत चांदी असते. जिवंत माणूस आत शिरला की गोष्ट अवघड होते. त्यासाठी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात यावं लागतं. होळीनंतर उन्हाळा तापू लागला की तिथे बोहाडा होतो. कुणी त्याला भोवाडा म्हणतात, कुणी जगदंबेचा उत्सव. कोकणा, वारली, ठाकर, महादेव कोळी अशा जमातींच्या गावांत रात्रभर सोंगं निघतात. सुरुवातीला गणपती, शारदा. मग राम-लक्ष्मण, मारुती, नरसिंह, भीम, खंडेराव, वेताळ, त्राटिका, रावण अशी रांग. आणि पहाटेच्या सुमाराला महिषासुर आणि जगदंबा यांचं युद्ध. संबळ आणि पिपाणी वाजत असतात, पलित्यांचा उजेड असतो, आणि प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, त्याचा ठेका वेगळा. वाजवणाऱ्यांनी ठेका बदलला की पुढे कोण येतंय हे अंधारातही गावाला कळतं. मुखवटे हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. कागद भिजवून कुटायचा, खळीत कालवायचा, साच्यावर थरावर थर द्यायचे, वाळला की रंग. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या प्रकरणात प्रतिशीर्ष, म्हणजे मुखवटा, बेलाचा चीक आणि कापड यांच्यापासून करायची रीत सांगितलीय. थर चिकटवून चेहरा उभा करण्याची ही विद्या म्हणजे आपल्याकडचा फार जुना हातखंडा आहे.

बोहाड्यातली खरी मेख रंगात किंवा लाकडात नाही. ती हक्कात आहे. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हे कितीतरी गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. रावण एका घराकडे, नरसिंह दुसऱ्याकडे, देवी तिसऱ्याकडे. बापानंतर मुलगा, मुलगा नसेल तर पुतण्या. मुखवट्याची आधी पूजा होते, नाचणारा नेमधर्म पाळतो, मग मुखवटा डोक्यावर चढतो. आता बघा, रावणाच्या मुखवट्यामागे कोण आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्याची चाल रोज बघितलीय, ज्याच्याकडून उसनी कुदळ आणलीय, तोच तो. लपवण्यासाठीच मुखवटा असता तर ही सगळी व्यवस्था फुकट होती. जिथे प्रत्येक सोंगाचं घर जाहीर आहे तिथे लपणार कोण? उलट त्या रात्री त्या घराची ओळख सगळ्यात ठळक होते. जमिनीचा सातबारा जसा हे शेत कुणाचं ते सांगतो, तसा बोहाड्याचा मुखवटा गावाच्या कथेतला हा वाटा कुणाचा आणि ही जबाबदारी कुणाची ते सांगतो. महिषासुर एका घराकडे नेमून दिला म्हणून ते घर वाईट ठरत नाही. कुणीतरी हरायला हवं, कुणीतरी देवीच्या त्रिशूळाखाली पडायला हवं, त्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही आणि वर्ष नीट जात नाही. ते पडणं एका घरानं मान म्हणून पत्करलेलं असतं. पहाटे देवीनं ज्याला मारलं तोच सकाळी ओट्यावर बसून चहा पितो, आणि गाव त्याच्याकडे आदरानंच बघतं.

यावर पहिला आक्षेप आपली भाषाच घेते. सोंग हा शब्दच ढोंगाचा आहे, असं कुणी म्हणेल. आजारपणाचं सोंग, झोपेचं सोंग. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पण मराठीतच दुसरी म्हण आहे: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. त्यातलं क्रियापद ऐका. सोंग आणायचं असतं. कुठून तरी, बाहेरून, मेहनतीनं ते इथपर्यंत आणावं लागतं. तसंच अंगात येणं. ज्याच्या अंगात देवी येते तो देवीची नक्कल करतोय असं कुणी म्हणत नाही. येणारी ती, अंग याचं. आणणं आणि येणं या दोन साध्या क्रियापदांत मराठीनं मुखवट्याचा जुना अर्थ जपून ठेवलाय. ढोंगाचा अर्थ भाषेत आहे, नाकारायचं कारण नाही. पण तो उघड्या तोंडानं, गावाला न विचारता, स्वतःच्या फायद्यासाठी घेतलेल्या सोंगाला लागतो. झोपेचं सोंग घेणाऱ्याला कुणी नेमलेलं नसतं. बोहाड्यातल्या रावणाला नेमलेलं असतं. एकच शब्द दोन्हींना लागला म्हणून दोन्ही कृती एक होत नाहीत.

आता कुबांकडे. कांगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या कासाई प्रदेशात, कासाई आणि सांकुरू नद्यांच्या मधल्या भागात हे लोक राहतात. एका राजाखाली नांदणाऱ्या अनेक गटांचं हे जुनं राज्य; राजा बुशोंग गटाचा, त्याला न्यिम म्हणतात. सतराव्या शतकातला श्याम नावाचा राजा त्यांच्या आठवणीत कला आणि कारागिरीचा आश्रयदाता म्हणून आहे. त्यांचं सगळ्यांत मोठं मुखवटा-त्रिकूट राजघराण्याचं आहे. पहिला म्वाश अम्बोय, म्हणजे राज्याचा आद्यपुरुष वूत आणि त्याच्या रूपानं राजसत्ता. दुसरी न्गाडी अम्वाश, वूतची बहीण आणि पत्नी. तिसरा ब्वूम, ज्याला कुणी रानातल्या पिग्मी लोकांचा प्रतिनिधी मानतात, कुणी सामान्य रयतेचा, कुणी राजाला आव्हान देणारा भाऊ. राजा, राणी आणि आव्हान देणारा, तिघांनी मिळून राज्य कसं उभं राहिलं ते नाचायचं. दीक्षाविधीत, मोठ्या माणसांच्या अंत्यविधीत, दरबारी समारंभात हे मुखवटे बाहेर येतात.

न्गाडी अम्वाशचा मुखवटा जवळून बघण्यासारखा आहे. तो लाकडाचा असतो, पण लाकूड फारसं दिसतच नाही. गालांवर, कपाळावर काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची ओळ, जणू आदल्या रात्री कुणी गव्हाच्या पिठानं आणि काजळीनं चौक भरलाय. डोळे बारीक फटीसारखे, पापण्या मिटत आलेल्या. त्या डोळ्यांखालून गालांवर समांतर रेषा ओघळतात, आणि त्या अश्रूंच्या रेषा मानल्या जातात. नाकावरून ओठांपर्यंत मण्यांची पट्टी उतरते, डोक्यावर कापडी टोपी, कडेनं कवड्या. या कवड्यांपाशी मराठी वाचकाचं बोट थांबायला हवं. तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यात जी कवड्यांची माळ असते तिच्याच जातीच्या कवड्या या. हिंदी महासागरातून, मालदीव आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, त्या व्यापारानं आफ्रिकेच्या पोटात पोचल्या आणि तिथे पैसा म्हणून चालल्या, मानाचं लेणं म्हणून शिवल्या गेल्या. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसांनी समुद्राचं नाणं राणीच्या कपाळाला लावलं. ब्वूमचं कपाळ याच्या उलट, पुढे आलेलं, गोलाकार, दणकट. बऱ्याच ब्वूम मुखवट्यांना डोळ्यांच्या जागी छिद्रंच नसतात, आतला माणूस नाकपुड्यांतून बघतो. म्वाश अम्बोयचा तर सगळा देह झाकलेला असतो. राफिया ताडाच्या धाग्याचं कापड, बिबट्याचं कातडं, मणी, कवड्या, पिसं. तो संथ, भारदस्त चालतो. ब्वूम त्याच्यापुढे आक्रमक. ज्यांनी बोहाड्यात रामाची आणि वेताळाची चाल एकामागून एक पाहिलीय त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

इथे दुसरा आणि जास्त कठीण आक्षेप उभा राहतो. कुबांमध्ये दीक्षा न घेतलेल्यांना आणि बायकांना मुखवट्याच्या आत कोण आहे हे अधिकृतपणे कळू द्यायचं नसतं. ते अरण्यातले आत्मे आहेत असंच मानायचं असतं. मग हे लपवणं नव्हे का? आहे. पण या लपवण्याची बांधणी बघा. मुलगा मोठा होतो, त्याला दीक्षा मिळते, मुखवटा कसा बांधतात, कसा नाचवतात हे शिकवतात. आत माणूस आहे हे कळल्यावर त्यानं फसवलं गेल्याचा राग धरून बाहेर पडावं अशी अपेक्षा नसते. दुसऱ्या दिवसापासून तोही तो मुखवटा वाहू लागतो. जी गोष्ट उघड झाल्यावर मोडते तिला फसवणूक म्हणतात. जी उघड झाल्यावर माणसाच्या खांद्यावर येऊन बसते तिला जबाबदारी म्हणायला हवं. आपल्याकडे सासूनं सुनेला महालक्ष्मीची कोठी कशी भरायची, मुखवटा कसा सरळ बसवायचा हे दाखवलं की त्यातली जादू संपते असं होत नाही. उलट त्या वर्षापासून त्या सुनेला झोप लागत नाही, निरी चुकली तर, नैवेद्याला उशीर झाला तर.

बायकांचा प्रश्न मात्र मला इतक्या सहज सोडवता येत नाही. न्गाडी अम्वाश ही राणी, पण तिचा मुखवटा पुरुष नाचवतो. बोहाड्यात जगदंबाही पुरुषच होतो. मुखवटा नेमणूक करतो असं मी म्हणतो तेव्हा ही नेमणूक कुणाला मिळते आणि कुणाला कधीच मिळत नाही हेही त्यात आलं. गावाच्या कथेतला वाटा सगळ्यांना सारखा नसतो, आणि ज्यांच्या हाती सत्ता असते त्यांच्या घरी मोठे मुखवटे जातात, हे खरं आहे. एवढंच म्हणता येईल की चित्र एकरंगी नाही. कुबांमध्ये राफियाचं कापड पुरुष विणतात, पण त्यावरचं ते मखमलीसारखं, भूमितीच्या आकृत्यांनी भरलेलं प्रसिद्ध भरतकाम बायकांच्या हातचं असतं. आणि वर्धा जिल्ह्यातल्या महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत तर मुखवटा संपूर्णपणे बायकांच्या अखत्यारीत असतो. पुरुषांचं काम माळ्यावरची पेटी उतरवून देणं आणि बाजारातून भाज्या आणणं. पण ही भरपाई आहे, उत्तर नाही.

मुखवटा म्हणजे ढोंग, असं म्हणणाऱ्यांनी कुबांच्या देशात पुढे काय झालं ते जरूर बघावं. 1892 मध्ये विल्यम शेपर्ड हा आफ्रिकन-अमेरिकन मिशनरी कुबांच्या राजधानीत पोचला, तिथे पाहुणा म्हणून राहिला आणि त्यानं जमवलेल्या वस्तू पुढे अमेरिकेत हॅम्प्टनच्या संग्रहात गेल्या. त्या काळात कांगो ही बेल्जियमच्या दुसऱ्या लिओपोल्ड राजाची खासगी मालमत्ता होती. 1876 मध्ये ब्रुसेल्सला परिषद भरवून त्यानं आफ्रिकेच्या उद्धाराच्या नावानं संस्था काढली होती. गुलामांचा व्यापार थांबवायचा, विज्ञान न्यायचं, सुधारणा न्यायची. 1885 पासून 1908 पर्यंत त्या उद्धाराच्या नावाखाली रबर गोळा झालं, आणि रबर कमी भरलं की माणसांचे हात तोडले गेले. 1899 मध्ये शेपर्डनं धुरावर वाळवलेले तोडलेले उजवे हात स्वतः मोजले. ते 81 होते. त्यानं कुबांच्या हालअपेष्टांवर लिहिलं तेव्हा कासाईत रबर घेणाऱ्या कंपनीनं त्याच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि 1909 मध्ये तो निर्दोष सुटला. या सगळ्या कहाणीत फसवणूक प्रचंड आहे, आणि ती करणाऱ्या एकाच्याही तोंडावर लाकडाचा मुखवटा नव्हता. दाढी विंचरलेली होती, कोट इस्त्रीचा होता, कागदावर सही होती. ज्यांच्या तोंडावर मुखवटे होते त्या कुबांच्या नाचात मात्र कोण कोण आहे हे ठरलेलं होतं, आणि राजाला आव्हान देणाऱ्यालाही त्यात जागा होती.

तोंड झाकण्याशी मुखवट्याचा संबंध किती कमी आहे हे बघायला आफ्रिकेत जावं लागत नाही. नागपूरहून दक्षिणेला निघालेला रस्ता जामला फुटतो. एक फाटा हिंगणघाट, पांढरकवड्यावरून आदिलाबाद-हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. दोन्हींपैकी कुठल्याही वाटेनं दिवाळीच्या आधी पुरेसं खाली गेलं की राजगोंडांची दंडारी भेटते. तिच्यातले गुसाडी म्हणजे चालतेबोलते मुखवटेच. डोक्यावर मोरपिसांचा मोठा घेर, खोटी दाढी, उघड्या अंगावर राख, खांद्यावरून कातडं, कमरेला घुंगरं, हातात सोटा. दंडारीच्या दिवसांत ते अंघोळ करत नाहीत, गावोगाव नाचत फिरतात, आणि लोक त्यांच्यात देवाचा वास मानतात. चेहऱ्यावर लाकूड नाही, लगदा नाही, मूळ माणूस सहज ओळखू येतो. तरी नेमणूक पुरी आहे. मारलवाईच्या कनक राजूंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच नाचासाठी. गुसाडी बघितला की कळतं, लाकडी चेहरा हा मुखवट्याचा फक्त एक भाग आहे. वाद्य, तिथी, नेमधर्म, वाट बघणारं गाव आणि ज्याचा हक्क आहे तो माणूस, हे सगळं मिळून मुखवटा होतो.

म्हणूनच संग्रहालयातल्या काचेमागे मुखवटा बघताना माझं मन भरत नाही, आणि तिथल्या पाटीवर तर मला रागच येतो. पाटीवर लिहिलेलं असतं: लाकूड, कवड्या, राफिया, अमुक शतक. जणू महालक्ष्मीची ओळख करून देताना पितळ, पत्रा, गहू असं लिहावं. संग्रहालयं नसती तर यातल्या कितीतरी वस्तू वाळवीनं खाल्ल्या असत्या, हे मान्य. कुबांविषयी आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळ यान व्हान्सिनासारख्या अभ्यासकांनी 1950 च्या दशकात तिथे राहून, भाषा शिकून, म्हाताऱ्यांकडून ऐकून टिपलं, त्याचंही ऋण आहे. पण वस्तू वाचली म्हणजे मुखवटा वाचला असं नाही. 2022 च्या जूनमध्ये बेल्जियमचे राजे फिलिप कांगोला गेले तेव्हा त्यांनी सुकू लोकांचा काकुंगू नावाचा मोठा मुखवटा किन्शासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या हवाली केला. कागदोपत्री तो मुदतीविना दिलेला उसना आहे. ज्यांचा तो होता त्यांनाच तो उसना मिळाला, यातलं दुःख मोठं आहे. आणि तो सुकूंच्या गावात न जाता राजधानीतल्या दुसऱ्या काचेमागे गेला. त्याला पुन्हा कोण वाहणार, कोणत्या ठेक्यावर, हे ठरवायला आता तिथली माणसंच बसली पाहिजेत.

आपल्याकडे ती वेळ अजून आलेली नाही, पण जवळ येतेय. जव्हार-मोखाड्याचे मुखवटे आता शहरांतल्या हस्तकलेच्या प्रदर्शनांत, दुकानांत विकायला असतात. कारागिराच्या घरी चार पैसे येतात, त्याला माझी हरकत नाही. दिवाणखान्यातल्या भिंतीसाठी केलेला रावण वेगळा आणि नाचवायचा रावण वेगळा, हे करणाऱ्याला बरोबर समजतं. काळजी दुसरीच आहे. पाऊस सरला, भात निघालं की या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं पोटासाठी गाव सोडतात. भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर महिनोन्‌महिने राबतात आणि होळीच्या सुमाराला परततात. बोहाडा येतो तो नेमका त्यानंतर. ज्या घराकडे नरसिंह आहे त्या घरातला माणूस विटा थापत असला तरी त्याला तारीख माहीत असते, मुकादमाकडे हिशोब कधी मागायचा ते ठरलेलं असतं. पण हातात उचल फिटल्याचा कागद नसेल, किंवा मुलं आता तिकडच्याच शाळेत गेली असतील, तर तो येणार नाही. मुखवटा तेव्हाही घराच्या आढ्याला टांगलेला असेल, रंग शाबूत असेल, सुळे नीट असतील. गाव दुसऱ्या कुणाला तो चढवायला सांगेल का, की त्या वर्षी नरसिंहाचा ठेका वाजून जाईल आणि पलित्यांच्या उजेडात वाट मोकळी राहील, याचा निर्णय संबळ वाजवणाऱ्यांना रात्री उभ्या उभ्या घ्यावा लागेल.